पहिला घास मालकांचा

सादाओने आणखी एक अंडं फोडलं आणि तेही बिघडलेलं निघालं. आतलं पांढरं विरजण लागल्यासारखं थिजलं होतं. "छे!" म्हणत त्याने ते खताच्या बादलीत ओतलं आणि पातेल्यातल्या पाण्यात पुन्हा थर्मामीटर बुडवला. पिल्लांच्या उबेसाठी घेतलेला तो जुना थर्मामीटर. खाद्याची पोती रचलेल्या शेडमध्ये, लहानशा गॅससमोर उकिडवा बसून, हा सत्तरी गाठलेला माणूस स्वतःच्या बायकोपासून लपून अंडी तापवत होता. पाणी जरा थंड राहिलं तर आतला जंतू जगेल, जरा जास्त तापलं तर फोडताक्षणी सोंग उघडं पडेल.

बाहेरून हिसाएचा आवाज आला. "अहो, कुठं आहात? लोक यायला लागलेत."

"आलो, आलो. खाद्य मिसळतोय."

"आता? मग काल दुपारभर काय केलंत?"

सादाओने त्याच पातेल्यातलं दुसरं अंडं फोडलं. पिवळं गोल उभं राहिलं होतं, पांढरं वाहत होतं, फक्त त्यात धुक्याची एक पुसट छटा होती. लांबून पाहणाऱ्याला कळलं नसतं. त्याच्या शेजारी तापलेलं, तेवढाच वेळ पाण्यात राहिलेलं एक अंडं त्याने बाहेर काढलं, नळाखाली गार केलं, पुसलं आणि एप्रनच्या खिशात ठेवलं. आत खरंच सगळं मेलं असेल का, हे त्याला माहीत नव्हतं. कोणाला विचारायची सोयही नव्हती, कारण विचारलं असतं तर लोकांनी "नको" म्हणून सांगितलं असतं.

दरीतल्या गावातून वर येणाऱ्या घाटरस्त्याच्या शेवटच्या वळणावर सादाओचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, अंड्यांचे ट्रे मांडलेलं टेबल आणि एक लांब लाकडी फळी, तिच्यापुढे स्टुलं. फळीवर बसायचं, वाफाळत्या भातावर कच्चं अंडं घ्यायचं, सोया सॉसची धार सोडायची, सोबत मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सार आणि मुळ्याचं लोणचं. याखेरीज इथे काही मिळत नाही आणि मागायची कोणाची छातीही होत नाही. मागच्या उतारावर खुराडी आहेत. सादाओ माणसांशी जेवढ्यास तेवढं बोलतो. कोंबड्यांशी मात्र दिवसभर त्याचं तोंड चालू असतं.

दुकान सुरू झालं त्या वर्षी शहरातून आलेला एक माणूस, भात पुढ्यात घेऊन, खवचटपणे म्हणाला होता, "तुम्ही स्वतः खाता का हो हे? की नुसतं लोकांच्या पोटावर प्रयोग?" सादाओ नुसता लाल झाला. हिसाएने मात्र ट्रेमधलं अंडं उचललं, त्या माणसाच्या नाकासमोर फोडलं आणि उभ्या उभ्या भातावर घालून खाल्लं. त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. सकाळी शटर वर गेलं की आधी मालक आणि मालकीण टोकाच्या दोन स्टुलांवर बसतात, लोकांसमोर अंडी फोडतात आणि खातात. मग इवामोतो, ज्याने उभा जन्म या घाटात बस चालवली आणि निवृत्तीनंतरही टोपी सोडली नाही, तो रांगेच्या अग्रभागी उभा राहून ओरडतो, "मालक जिवंत! मालकीण जिवंत! सोडा गाडी!" लोक हसतात आणि बसतात. रोज तोच विनोद, आणि रोज हशा. इवामोतो एखाद दिवशी आला नाही तर भाताला चव लागत नाही असं लोक म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात हिसाएच्या दंडांवर निळे डाग उठायला लागले. रक्ताचा आजार निघाला. सबंध शरद ऋतू ती शहरातल्या दवाखान्यात होती. औषधांनी आजार हटला, पण जाताना अंगातली रोगाशी लढणारी सगळी शिबंदी घेऊन गेला. घरी सोडताना तरुण डॉक्टरीणबाई सूचना देत होत्या. कच्चा मासा नाही. घरचं लोणचं नाही. मग त्यांनी कागदावर नजर टाकली आणि विचारलं, "घरी व्यवसाय काय?"

"अंडी," सादाओ म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला. "मग नीट ऐका, काका. कच्चं अंडं अजिबात नाही. पिवळं घट्ट होईपर्यंत शिजवायचं."

"माझी अंडी दर महिन्याला तपासून येतात हो," सादाओ चाचरत म्हणाला. "धुतलेली, गार ठेवलेली. लाखात एखादंच अंडं निघतं म्हणतात जंतूवालं. आणि तेही माझ्याकडं निघालं नाही कधी."

"ते लाखातलं एक तुम्हाला मिळालं तर तुम्ही चार दिवस संडासात काढाल आणि उठाल. यांना तेवढं एकच पुरे आहे."

कशाला पुरे, ते त्याने विचारलं नाही. आयुष्यभर ज्या वस्तूची छातीठोक हमी दिली, तिच्यापासून बायकोला जपायचं होतं. हा अपमान कोणी केलेला नव्हता, म्हणून कोणावर रागावताही येईना.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण हिसाए दवाखान्यात असतानाच खाली गावातल्या एका खाणावळीत प्रकार घडला. तिथे कोणीतरी आदल्या दिवशीच बादलीभर अंडी फोडून ठेवली, बादली चुलीशेजारी राहिली, आणि सहलीला आलेली अख्खी मंडळी आडवी झाली. अंडी सादाओची नव्हती. पण लोकांना कुणाची होती याच्याशी काय करायचंय? कच्चं अंडं म्हटलं की माणसं दोन पावलं मागे सरायला लागली. त्यात रोज सकाळी समोर बसून खाणारी मालकीण गायब. सादाओ एकटाच खायचा आणि विचारणाऱ्याला सांगायचा, "मुलीकडं गेलीय." दरीतली प्रत्येक बातमी जिला घडण्याआधी कळते, त्या कुवाहारा आजीच्या भाच्याने एकदा हिसाएला दवाखान्याच्या गाऊनमध्ये पाहिलं. मग काय! अंडेवालीलाच अंडं बाधलं, ही गोष्ट घाट चढून वर आली आणि उतरून खाली गेली.

शनिवारी, म्हणजे घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, हिसाएने भांडण काढलं. ती अंगात दोन स्वेटर घालून बसली होती, चेहरा मेणासारखा, पण जीभ पूर्वीइतकीच धारदार.

"उद्या मी बसणार."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? माझ्या स्टुलावर."

"बस की. नुसती बस."

"नुसती बसून लोकांना काय दाखवू? मेणाची बाहुली? सगळे बघायलाच येणारेत. मी बसले आणि खाल्लं नाही, तर तोंडानं न बोलता त्यांचं बोलणं खरं केल्यासारखं होईल. संपलं मग दुकान."

"संपू दे."

"संपू दे म्हणे! आणि आठशे कोंबड्यांना काय सांगणार आहात? मुलीकडं गेलीय म्हणून?" ती हसली आणि तिला ठसका लागला. ठसका थांबल्यावर हळू म्हणाली, "अहो, एक अंडं. तुमचंच. तुमचाच भरवसा नाही का तुमच्या अंड्यावर?"

भरवसा आहे म्हणावं तर तिच्या हातात वाटी द्यावी लागणार, नाही म्हणावं तर इतकी वर्षं लोकांना काय खाऊ घातलं? सादाओ उठून खुराड्याकडे गेला. संध्याकाळी मुलीचा, नानाएचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "बाबा, घट्ट. दगडासारखं. आईचं काही ऐकायचं नाही." तो "हो" म्हणाला. मग खाद्याच्या शेडमध्ये जाऊन त्याने तो थर्मामीटर शोधून काढला.

रविवारी सकाळी दुकानासमोर कित्येक महिन्यांत दिसली नव्हती एवढी माणसं उभी होती. थंडीने हात काखेत घालून, तोंडातून वाफा सोडत. ट्रे न्यायला आलेली थोडी, बघायला आलेली जास्त. अग्रभागी टोपी घातलेला इवामोतो, त्याच्या मागे काठी टेकून कुवाहारा आजी, आणि तिच्या मागे शहरातून आलेली एक बाई, कडेवर लेकरू.

शटर वर गेलं. हिसाए आतून चालत आली. आपल्या पायांनी, कशाचाही आधार न घेता, पण सादाओला दिसलं की ती पावलं मोजून टाकते आहे. डोक्याला रुमाल बांधलेला. ती स्टुलावर बसली आणि रांगेकडे बघून म्हणाली, "काय हो, एवढी गर्दी? देवळात महाप्रसाद आहे की काय आज?"

लोक हसले.

"काकू, कुठं होतात इतके दिवस?" इवामोतोने विचारलं. "भात कोरडा लागत होता."

"आता आलेय ना? सॉस जरा जास्त घाला म्हणजे ओला लागेल."

सादाओने दोन भाताचे बाऊल ठेवले, शेजारी दोन लहान वाट्या. ट्रेकडे वळून, पाठ लोकांकडे करून, त्याने एका हाताने ट्रेमधलं अंडं उचललं आणि दुसऱ्या हाताने खिशातलं. खिशातलं तिच्यापुढे ठेवलं, ट्रेमधलं स्वतःपुढे. ती काही बोलली नाही. तिने अंडं हातात घेतलं, आणि तिचा अंगठा क्षणभर कवचावर थांबला. ट्रेमधलं अंडं या थंडीत बर्फासारखं गार असतं. हे नव्हतं.

तिने ते फळीच्या कडेवर टिचकवलं आणि वाटीत सोडलं. सादाओने आपलं अंडं दुसऱ्या वाटीत फोडलं. तिच्या वाटीकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं आणि तरीही बघितलं. पांढऱ्यात ती धुक्याची छटा होती. शेडमधल्या अंधारात पुसट वाटलेली, इथे सकाळच्या उन्हात लख्ख. रांगेत कोणालाही कळलं नसतं. पण जिने जन्मभर रोज सकाळी अंडं फोडलं, तिला कळायला किती वेळ लागणार? हिसाएने मान वळवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं माणूस ओळखीचं वाटावं आणि नंतर नाव आठवू नये, तसं.

"अहो," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या वाटीत कवचाचा तुकडा पडला. तुमची द्या इकडं."

आणि तिने वाट्या बदलल्या. इतक्या सहज की इवामोतो म्हणाला, "बघा, घरी आल्या आल्या नवऱ्याचं ताट ओढलं!" पुन्हा हशा झाला.

सादाओच्या पुढ्यात आता ते सोंगाचं अंडं होतं आणि तिच्या पुढ्यात खरं. काय म्हणणार होता तो? समोर ही सगळी माणसं. नको म्हटलं की संपलं. घाटाखाली पोचेपर्यंत त्या एका शब्दाचं काय होईल हे त्याला माहीत होतं. हिसाएने सॉसची धार सोडली, जेवायच्या काड्यांनी अंडं फेटलं. टक टक टक, तोच आवाज, त्याच लयीत. भातावर ओतलं. भात पिवळाधमक झाला.

"मालक आधी," इवामोतो म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

सादाओने घास घेतला. तोंडात काय गेलं ते त्याला समजलं नाही.

"मालक जिवंत!" इवामोतो ओरडला. टोपी सरळ केली आणि उरलेलं वाक्य तोंडात तयार ठेवून हिसाएकडे वळला. सगळे वळले. कडेवरचं लेकरूसुद्धा.

हिसाएने दोन्ही हातांनी बाऊल उचलला. तिचे हात बारीक झाले होते, मनगटावर सुईच्या खुणा होत्या. तिने काड्या बाऊलच्या कडेला लावल्या. लाखात एखादं, सादाओच्या मनात आलं. म्हणजे बहुतेक काही होणार नाही. बहुतेक. आणि ती जिंकेल, दुकान जिंकेल, आणि उद्या पुन्हा बसेल, परवा पुन्हा. रोज एक. आणि रोज त्याने शेजारी बसून बघायचं.

"खाऊ नकोस!"

तो एवढ्या मोठ्याने कधी ओरडला नव्हता. मागच्या खुराड्यात कोंबड्या कलकलाट करायला लागल्या. ओरडला त्याच झटक्यात त्याने तिच्या हातातला बाऊल हिसकावला. तो सुटला, फळीवर आपटला आणि पिवळा भात फळीवरून खाली ओघळला. तिच्या मांडीवर, त्याच्या चपलांवर.

कोणी हललं नाही. कडेवर लेकरू असलेली बाई मात्र झटकन मागे सरली. "म्हणजे खरंच बाधलं होतं," ती कोणाला तरी म्हणाली, आणि हातातला ट्रे टेबलावर ठेवून गाडीकडे निघाली. तिच्या मागे आणखी दोघं निघाले.

"थांबा," सादाओ म्हणाला. "अंडं... अंड्यात काही नाही. अंडं चांगलं आहे. तिला चालत नाही. तिचं रक्त..." पुढचं त्याला जमेना. हातात आलं ते फडकं घेऊन तो फळी पुसायला लागला. पुसता पुसता म्हणाला, "आणि मी ते तापवून आणलं होतं. तिच्यासाठी. तुम्हाला फसवून. ते तिनं मला दिलं."

कुवाहारा आजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. "मग इतके दिवस मुलीकडं गेलीय, मुलीकडं गेलीय, हे काय होतं रे?"

"भीती वाटली, आजी."

"कसली?"

"तुमचीच," सादाओ म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यातून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

आजीने तोंड उघडलं आणि मिटलं. दरीतल्या लोकांनी हे तिच्या बाबतीत प्रथमच पाहिलं असेल. हिसाए उठली. मांडीवरचा भात तिने बोटांनी एकेक करून उचलला, बाऊलमध्ये टाकला, आणि कोणाकडेही न बघता आत निघून गेली. इवामोतोने टोपी काढून हातात घेतली होती. त्या दिवशी फळीवर कोणी बसलं नाही.

दुपारी ती खुराड्यांपाशी आली. सादाओ कोंबड्यांना चारा टाकत होता आणि त्यांच्याशीही बोलत नव्हता.

"चार माणसांत माझा पचका केलात," ती म्हणाली.

"हो."

"आणि त्याच्याआधी खोटं अंडं माझ्यापुढं ठेवलंत. मी इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यात डोळे घालून खाल्लं. एक दिवस दमले, एक दिवस ताप होता, तरी खाल्लं. आणि तुम्ही मला सोंग करायला बसवलंत."

"हो."

"ते तापवलेलं तरी पुरेसं होतं का?"

"माहीत नाही."

"माहीत नव्हतं आणि दिलंत?"

सादाओने चाऱ्याची टोपली खाली ठेवली. "तुला न दिलं असतं तर तू खरं खाल्लं असतंस. मला काय करावं ते कळत नव्हतं, हिसाए. मला दुकान नको. मला कोंबड्या नकोत. मला तू पाहिजेस." एवढं बोलून तो ओशाळला. लग्न झाल्यापासून त्याने असं वाक्य उच्चारलं नव्हतं, आणि कोंबड्यांसमोर तर नाहीच.

हिसाए जाळीला धरून उभी राहिली. एक कोंबडी तिच्या चपलेच्या टोकाला चोच मारत होती.

"मलाही भीती वाटत होती," ती म्हणाली. "बाऊल उचलला तेव्हा. वाटलं, हे ओरडतील तर बरं. मग वाटलं, नाही ओरडायचे. ह्यांना कुठं ओरडता येतं." मग तिने नाक पुसलं. "पुढच्या रविवारी बसणारे मी."

"काय खाणार?"

"पोरगी म्हणते ते. दगड."

पुढच्या रविवारी रांग आखूड होती. ती गाडीवाली बाई नव्हती, दरीतली काही नेहमीची तोंडंही नव्हती. त्यातली काही पुन्हा कधीच आली नाहीत. शटर उघडण्याआधीच कुवाहारा आजी येऊन थांबली होती. तिच्या काखेत एक उशी होती. "ते स्टूल टणक आहे," असं म्हणून तिने ती हिसाएच्या स्टुलावर ठेवली, दोनदा थापटली आणि रांगेत परत जाऊन उभी राहिली. बाकी विषय काढला नाही.

रांगेत एक पोटुशी पोरगी नवऱ्याबरोबर उभी होती. सादाओ तिच्यापाशी गेला. इतक्या वर्षांत त्याने कोणा गिऱ्हाइकाला असं कधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे वाक्य जुळवायला वेळ लागला. "पोरी, तू शिजवून खा. पिवळं घट्ट होईपर्यंत. बाळ झालं की मग ये, तेव्हा कच्चं देईन." पोरगी लाजली आणि हो म्हणाली. सादाओला वाटलं होतं की हे बोलताना आपली जीभ झडेल. तसं काही झालं नाही.

मग तो आपल्या स्टुलावर बसला. शेजारी उशीवर हिसाए. त्याने ट्रेमधलं गार अंडं घेतलं, सगळ्यांना दिसेल असं फोडलं, फेटलं, भातावर ओतलं आणि खाल्लं. नंतर हिसाएने एप्रनच्या खिशातून उकडलेलं अंडं काढलं. फळीवर टिचकवलं, हलकेच घोळवलं आणि सोलायला घेतलं. औषधांनी तिच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. कवच नीट निघेना. टिकलीएवढा एक तुकडा निघायचा, मग दुसरा. पातळ पापुद्रा नखाला चिकटून बसायचा. सादाओचा हात मदतीला पुढे झाला, तो तिने कोपराने बाजूला केला.

भात गार व्हायला लागला होता. मिसोवरची वाफ विरली. रांगेत कोणी पाय बदलला नाही, कोणी ट्रेला हात लावला नाही. अंडं सोलून झालं तेव्हा ते जागोजागी टवके उडालेलं, वेडंवाकडं दिसत होतं. हिसाएने मिठाची चिमूट घातली आणि खायला सुरुवात केली. हळू, कोरडं पिवळं घशात अडकत होतं म्हणून मध्ये पाणी पीत, शेवटच्या तुकड्यापर्यंत. मग ओठ पुसले आणि वर पाहिलं.

इवामोतो टोपी हातात धरून, मान खाली घालून उभा होता.

"काय हो," ती म्हणाली, "गाडी कोण सोडणार?"

इवामोतोने टोपी डोक्यावर घातली.

"मालक जिवंत," तो म्हणाला. आणि घसा खाकरून, अगदी हळू, "मालकीण जिवंत."

कोणी हसलं नाही. इवामोतो येऊन पहिल्या स्टुलावर बसला, त्याच्या मागून कुवाहारा आजी, मग बाकीचे. सादाओने फळीवरची कवचं गोळा केली. त्याची दोन अर्धुकं आणि तिचे ते चुरा झालेले बारीक बारीक तुकडे. दोन्ही त्याने एकाच ओंजळीत घेतले आणि आत भात वाढायला गेला.